चेनचे वळण

१९२८ साली २८ फेब्रुवारीला रामन परिणामाची घोषणा झाली. त्या घटनेच्या स्मरणार्थ १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो आणि देशभरातल्या कितीतरी संशोधन संस्था त्या सुमारास आपली दारे सर्वांसाठी उघडतात. बंगळुरूमधल्या अशाच एका संस्थेत एका विज्ञान दिनी द्रवरूप हीलियमची टाकी होती, हिरव्या लेसरचा झोत होता, मुलांसाठी फुग्यांचे प्रयोग होते. गर्दी मात्र वर्कशॉपच्या दाराशी उभ्या केलेल्या एका सायकलीभोवती जमली होती.

सायकल होतीच तशी. आरामखुर्चीसारखी मागे कललेली बैठक, पुढच्या चाकाच्याही वर बसवलेली पायडले, आणि तिथून मागच्या चाकापर्यंत गेलेली लांबच लांब चेन. साध्या सायकलीच्या जवळजवळ अडीच चेन जोडल्या की तेवढी लांबी होते. अशा सायकलीला रिकम्बंट म्हणतात. लोक किंमत विचारत होते, पडत नाही का असे विचारत होते, फोटो काढून पुढच्या दालनाकडे जात होते. एका इंजिनीअरिंग महाविद्यालयाचे चार विद्यार्थी तेवढे उकिडवे बसून बैठकीखाली पाहत राहिले. त्यांतल्या एकीने विचारले, “चेन इतकी वरून का नेली आहे? खालून नेली असती तर पायाला लागली नसती.”

सायकलीची मालकीण त्याच संस्थेत भौतिकशास्त्राची संशोधक. वय पस्तिशीच्या आसपास, काम अतिशीत तापमानातल्या विद्युतवाहकतेवर. तिच्या कमरेतली शेवटची चकती सरकलेली होती. साध्या सायकलीवर पुढे वाकले की दहा मिनिटांत डाव्या पायात कळ उतरे. गाडीत बसणे त्याहून वाईट. मागे रेलून पाय पुढे ताणले की मात्र कळ येत नसे. परदेशी निघालेल्या एका ओळखीच्या माणसाकडून तिने ही सायकल जुन्यात विकत घेतली, तेव्हा तिच्यापुढे प्रश्न वेगाचा नव्हता. प्रयोगशाळेत स्वतःच्या बळावर येता-जाता येईल की नाही, एवढाच होता.

रिकम्बंटचे सुटे भाग दुकानात मिळत नाहीत, याला थोडा इतिहास आहे. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या सायकलपटूने शार्ल मोशे यांच्या ‘व्हेलोकार’ नावाच्या रेलून चालवायच्या सायकलीवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले आणि ऑस्कर एगचा १९१४ चा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मोडला. फोर काही पहिल्या रांगेतला सायकलपटू नव्हता. जिंकली ती सायकल, हे सगळ्यांनाच दिसले. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९३४ मध्ये सायकलीची व्याख्याच अशी केली की व्हेलोकार तिच्यात बसू नये. शर्यत नाही म्हणून कारखाना नाही, कारखाना नाही म्हणून सुटे भाग नाहीत. ज्याच्याकडे अशी सायकल आहे त्याला आजही अर्धे काम स्वतःच करावे लागते. लुधियानात तयार होणारी चेन आणि फ्रीव्हील तिला चालतात. त्या दोहोंच्या मधल्या वाटेचे काय करायचे, ते मात्र कोणीच सांगत नाही.

ती वाट हाच रिकम्बंटचा अवघड भाग. पायडले उंच, मागचे चाक खाली, आणि दोघांना जोडणारी सरळ रेषा नेमकी चालवणाऱ्याच्या बैठकीतून जाते. म्हणून चेन खाली दाबून बैठकीखालून न्यावी लागते. त्यासाठी मध्ये एक फिरती पुली असते, तिला आयडलर म्हणतात. ती ना शक्ती देते ना घेते, फक्त चेनची दिशा बदलते.

चेनच्या दोन बाजू सारख्या नसतात. वरची बाजू ओढते, खालची बाजू रिकामी परत येते. चढावर पायडलवर ३०० न्यूटनचा जोर दिला, म्हणजे सुमारे ३० किलो वजनाइतका, तर १७० मिलिमीटरचा क्रँक आणि ४२ दातांचे चेनव्हील यांच्या प्रमाणात वरच्या बाजूत ६०० न्यूटनांचा ताण येतो. खालच्या बाजूत फक्त मागच्या गिअरच्या स्प्रिंगचा ताण असतो, मोजक्या न्यूटनांचा. ही तफावत लक्षात न घेता दोन्ही बाजूंना सारखीच वागणूक देणारे पुष्कळ आहेत. तीही त्यांतलीच होती.

मूळ आयडलर झिजलेला होता आणि फार कुरकुरत होता. ऑक्टोबरात तिने तो काढून टाकला आणि एसपी रोडच्या बाजारातून आणलेल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळीतून चेन ओवली. वरची बाजूही नळीतून, खालचीही. नळी बैठकीखाली २५ अंशांत वळली, आणि पुढे फ्रीव्हीलच्या रेषेत यावी म्हणून उलट दिशेला १५ अंशांत. काम करण्याआधी तिने रीतसर गणितही केले होते. बंदरात खलाशी दोराचे दोन-तीन वेढे खुंटाला देऊन एकट्याने जहाज धरून ठेवतो, त्यामागचे सूत्र ऑयलरच्या नावाने ओळखले जाते: वळणाच्या दोन टोकांच्या ताणांचे गुणोत्तर घर्षणांक आणि वळणाचा कोन यांच्या गुणाकारावर घातांकी पद्धतीने अवलंबून असते. तिने टेफ्लॉनचा घर्षणांक ०.०५ धरला, २५ मधून १५ वजा करून कोन १० अंश धरला, आणि उत्तर आले एक टक्क्याहूनही कमी. तेवढे सोसायला हरकत नव्हती.

पहिला आठवडा सुखाचा गेला. चेनचा आवाज नाही, पँटला काळा पट्टा नाही.

डिसेंबरात संस्थेच्या फाटकाआधीचा चढ तिला जड जाऊ लागला. रोज जिथे तिसऱ्या गिअरवर निभत असे तिथे आता दुसरा, मग पहिला. पाठीच्या डॉक्टरांनी तिला आधीच बजावून ठेवले होते, की कळ आली तर घाबरू नका, पण पायातली ताकद कमी होते आहे असे वाटले तर लगेच या. मज्जातंतूवर दाब वाढल्याचे ते लक्षण असते आणि मग शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. ती रात्री खोलीत डाव्या चवड्यावर उभी राहून पुन्हापुन्हा टाच उचलून पाही आणि आकडा वहीत लिही. कधी सतरा, कधी चौदा. मोजमापातला विखुर केवढा आणि बदल केवढा, हे सांगण्याचे शिक्षण तिने पाच वर्षे घेतले होते. स्वतःच्या पायापुढे ते सगळे विसरायला झाले. घरी तिने काही कळवले नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली एमआरआयची तारीख घेऊन ठेवली.

वर्कशॉपमधले टर्नर साठीला टेकलेले होते. सगळी संस्था त्यांना अण्णा म्हणे. तिच्या क्रायोस्टॅटमधला तांब्याचा प्रत्येक तुकडा त्यांच्या लेथवरून आलेला. एका सकाळी ती चढ चढून धापा टाकत आली आणि सायकल वर्कशॉपच्या भिंतीला लावू लागली, तेव्हा अण्णा चहाचा पेला घेऊन दारातच उभे होते.

“मॅडम, ब्रेक घासतोय का?”

“नाही अण्णा. पायात जोर राहिला नाही.”

अण्णांनी मागचे चाक उचलून फिरवून पाहिले. चाक सुरळीत फिरले. मग ते खाली बसले, बैठकीखालच्या नळीला हात लावला, आणि तो तसाच ठेवून म्हणाले, “इथे हात लावून बघा.”

नळी गरम होती. चटका बसण्याइतकी नव्हे, पण डिसेंबरातल्या बंगळुरूच्या सकाळी तिने गरम असण्याचे काही कारण नव्हते.

ऊर्जा कुठे जाते हे उष्णतेवरून शोधण्याची रीत प्रयोगशाळेतही हीच आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ च्या सुमारास सायकलच्या चेनची कार्यक्षमता मोजली, तेव्हा चेन कुठे तापते हे पाहण्यासाठी अवरक्त कॅमेरा वापरला होता. त्यांच्या मोजमापात चेनची कार्यक्षमता ९८.६ टक्क्यांपर्यंत गेली. दातेरी चक्र जितके मोठे तितकी हानी कमी, आणि ताण जास्त असताना कार्यक्षमता जास्त. तेल कुठले घातले याने जवळजवळ फरक पडला नाही, ही गोष्ट तेल विकणाऱ्यांना फारशी आवडली नसावी. अर्थात ते मोजमाप स्वच्छ यंत्रावरचे, रस्त्यावरच्या धुळीतले नव्हे. पण सरळ चालणारी चेन मुळात किती कमी खाते, हे त्यातून कळते. अण्णांनी तो अभ्यास वाचलेला नव्हता. तापलेले बेअरिंग हाताने ओळखण्यात त्यांची मात्र पस्तीस वर्षे गेली होती.

त्या दुपारी तिने गणित पुन्हा मांडले आणि दोन चुका सापडल्या. पहिली चूक सरळ होती. नळी टेफ्लॉनसारखी दिसत होती, पण टेफ्लॉनची नव्हती. दुसरी चूक तिला जास्त लागली. उलटसुलट वळणांचे कोन तिने एकमेकांतून वजा केले होते. दिशा मोजायची असेल तर वजाबाकी बरोबर. घर्षणाला दिशेशी कर्तव्य नसते. चेन डावीकडे वळो की उजवीकडे, नळीच्या भिंतीवर ती दाबली जातेच, म्हणून कोनांची बेरीज करावी लागते. २५ आणि १५ मिळून ४० अंश, म्हणजे ०.७ रेडियन. साध्या प्लॅस्टिकसाठी घर्षणांक ०.२ धरला तर मागे १०० न्यूटन पोहोचवायला पुढे ११५ ओढावे लागतात. विद्यार्थी वाचकांनी हे कागदावर करून पाहावे, पाच मिनिटांचे काम आहे.

कागदावर विश्वास ठेवून एकदा फसल्यामुळे तिने मोजूनही पाहिले. अण्णांनी एका फळीवर नळी त्याच दोन वळणांनी चापात बसवली आणि फळी भिंतीशी उभी केली. नळीत चेन, चेनच्या खालच्या टोकाला १० किलोचे वजन, वरच्या टोकाला प्रवासी बॅग तोलायचा हुकाचा काटा. चेन हलकेच वर सरकू लागली की काटा ११.६ किलो दाखवी. चार वेळा ओढले, चारही वेळा त्याच्याच आसपास. चढावर ती पायांतून १२० वॉट काढत असेल तर त्यांतले पंधरा-सोळा वॉट नळी तापवण्यात जात होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नला २५ वॉट लागतात.

नळी उभी कापली तेव्हा आत वळणाच्या बाजूला चेनने खोल चर पाडलेला दिसला. चर काळ्या धुळीने भरलेला होता.

“सरळच का नाही नेत चेन?” अण्णांनी विचारले.

“सरळ नेली तर माझ्या मांडीतून जाईल.”

अण्णा हसले. “मग मांडी सोडून जेवढी वर नेता येईल तेवढी न्या.”

बदल ठरला तो एवढाच. ओढणाऱ्या बाजूची नळी काढायची, तिथे दातेरी आयडलर बसवायचा, आणि तो जुन्या जागेपेक्षा जमेल तितका उंच. मोजपट्टी लावून पाहता बैठकीच्या कडेला ८ सेंटिमीटर वर जागा मिळत होती. तेवढ्याने चेनचे वळण २५ अंशांवरून १३ अंशांवर येत होते. ६०० न्यूटन ताणाला आयडलरच्या आसावर पूर्वी २६० न्यूटनांचा भार आला असता, आता १३६ चा. आडवे वळण तर पूर्णच टाळता आले. आयडलरच्या आसावर वायसर घालून तो ६ मिलिमीटर बाहेर घेतला, की चेन आपोआप फ्रीव्हीलच्या मधल्या चक्राच्या रेषेत येत होती. इतकी साधी गोष्ट आधी सुचली नाही, याचे कारण नळी वाकते. वाकणारी वस्तू हाताशी असली की रेषा जुळवण्याचा कंटाळा केला जातो. परतीच्या बाजूची नळी मात्र तशीच ठेवली. तिथे ताणच नाही, तर घर्षण खाणार काय? उलट पँट स्वच्छ राहते.

दातेरी आयडलरमध्येही काही हानी होतेच. चेनचा प्रत्येक जोड त्यावर येताना वाकतो, जाताना सरळ होतो, आणि दोन्ही वेळा खिळीवर घर्षण होते. पण खिळीची त्रिज्या दोन मिलिमीटरांहूनही कमी, त्यामुळे घर्षणाला तिथे फारसा वाव मिळत नाही. हिशेब अर्धा ते एक टक्क्याचा निघतो.

आयडलर अण्णांनी पांढऱ्या डेलरिनच्या दांड्यातून केला. पंधरा दात, दातांच्या वर्तुळाचा व्यास ६१ मिलिमीटर, आत ६०८ क्रमांकाची दोन बेअरिंगे, स्केटिंगच्या चाकात असतात ती. दात कापायला मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड लागते. त्याचा दांडा चाळीस वेळा फिरवला की काम एकदा फिरते. पंधरा दातांसाठी दर दाताला चाळीस भागिले पंधरा, म्हणजे दोन पूर्ण फेरे आणि वर दोन तृतीयांश. अण्णांनी अठरा भोकांचे वर्तुळ निवडले आणि मशीनच्या हिरव्या झाकणावर खडूने लिहिले: २ फेरे, १२ भोके. ड्रॉइंग त्यांनी कधीच काढले नाही.

पहिल्याच दिवशी, पहिल्याच गतिरोधकावर चेन उडाली.

कारण बदलातच होते. वळण कमी म्हणजे आयडलरवर चेनची पकडही कमी. १३ अंशांच्या वळणात ती जेमतेम एका दातावर टेकते, धक्का बसला की उठते. हानी वाचवावी तर पकड जाते, पकड ठेवावी तर हानी वाढते, आणि मधला मार्ग कुठल्या सूत्रातून निघत नाही. अण्णांनी ॲल्युमिनियमच्या पट्टीचा एक चाप केला आणि तो आयडलरखाली, चेनपासून दोन मिलिमीटर अंतरावर बसवला. एरवी तो चेनला लागत नाही. चेन उठली तर तिला परत दातावर ढकलतो. पुढच्या आठवड्यात तिने मुद्दाम प्रत्येक गतिरोधक वेगात घेतला.

नव्या आयडलरची एक गुणगुण आहे. मिनिटाला ८० फेरे मारले तर ४२ दातांच्या चेनव्हीलवरून सेकंदाला ५६ जोड सरकतात, म्हणून ५६ हर्ट्झ. मिनिटाला ७१ फेरे झाले की ती बरोबर ५० हर्ट्झवर येते. डॉक्टरेटची पाच वर्षे जिने विजेच्या ५० हर्ट्झला आपल्या संकेतांतून हाकलण्यात घालवली, तिला त्या वेगाने सायकल चालवणे अजून जमत नाही. थोडी पुढे जाते किंवा मागे राहते.

आणि पाय? चढ पुन्हा तिसऱ्या गिअरवर आला. एमआरआय तिने रद्द केला नाही, करून घेतला. चकती होती तिथेच होती. मात्र फिजिओथेरपिस्टने दोन्ही पाय तपासले तेव्हा डावा चवडा उजव्यापेक्षा खरोखरच थोडा अशक्त निघाला. तो आधीपासून तसाच असावा, त्यांचे मत पडले. नळी गेल्यावर जो अशक्तपणा उरला तो तिचा स्वतःचा होता, आणि आता त्याच्यासाठी व्यायाम ठरवता येत होता. चढावरचा तिसरा गिअर आणि रात्री टाच उचलण्याचे आकडे ती अजून एकाच वहीत लिहिते, वेगवेगळ्या रकान्यांत.

विज्ञान दिनी वर्कशॉपच्या दाराशी उकिडव्या बसलेल्या त्या चौघांना तिने यातले बहुतेक सांगितले, पायाचे सोडून. ते एफिसायकल स्पर्धेची तयारी करत होते. माणसाच्या आणि विजेच्या मोटरीच्या संयुक्त बळावर चालणारे तीनचाकी वाहन विद्यार्थ्यांनी स्वतः बनवायचे, अशी ही एसएई-इंडियाच्या उत्तर विभागाची स्पर्धा आहे. त्यांच्या वाहनात चेन दोन नळ्यांतून तीन ठिकाणी वळत होती. “आमचा सगळा दोष मोटरीला दिला होता,” त्यांच्यातला एक म्हणाला. अण्णांनी त्याला हाताने नळी तपासायला सांगितले, चालवून झाल्यावर लगेच, गार होण्याआधी.

जूनच्या अखेरीस अण्णा निवृत्त झाले. त्यांची जागा भरली जाणार नाही, तांब्याचे तुकडे यापुढे बाहेरून करून घ्यावेत, असे परिपत्रक आले. बाहेरून तुकडे चांगलेच येतील. दारात चहाचा पेला घेऊन उभे राहणारे कोणी त्यांच्याबरोबर येणार नाही. पण परिपत्रकात हे घालायला रकाना नसतो, म्हणून कोणाला दोष देता येत नाही. शेवटच्या दिवशी अण्णांनी तिला कागदात गुंडाळलेला दुसरा आयडलर दिला. “डेलरिन आहे मॅडम, वर्ष-दोन वर्षांत दात जातील.” त्यानंतरचा कुठून आणायचा, हे तिने विचारले नाही. दुसऱ्या दिवशी ती वर्कशॉपमध्ये गेली आणि मशीनच्या झाकणावरच्या खडूच्या ओळीचा फोटो काढून ठेवला.

जुलैत त्या विद्यार्थ्यांचा फोन आला. आयडलरचे ड्रॉइंग मिळेल का? ड्रॉइंग नव्हतेच. तिने तो फोटो पाठवला आणि खाली डिव्हायडिंग हेडचा हिशेब लिहिला. तासाभराने उत्तर आले, की त्यांच्या वर्कशॉपमधल्या प्लेटवर अठरा भोकांचे वर्तुळ झिजून गेले आहे, पंधराचे शाबूत आहे.

तिने लिहिले: २ फेरे, १० भोके.